पट्टीबाहेरच्या कॅप्सूल

तळा, ६ जून २०२४

चि. सौ. मैत्रीस रखमाताईचा सप्रेम जय भीम, वि. वि.

माझ्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांकडून कळलं, अजितच्या रक्तातलं औषध निम्म्यावर आलं आहे. फोन केला की तो तुझ्याकडून घेऊन हवापाण्यावर बोलत बसतो, म्हणून हे पत्र. डॉक्टरांनी त्याच्या कागदावर ‘रुग्ण औषध नियमित घेत नाही’ असं लिहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी मी भावाला माझी एक किडनी दिली. ती टिकते याच कॅप्सूलवर. डोस चुकले तर त्याचं शरीर तिला परकी समजून मारून टाकेल.

हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये ते तेल, साबणासारखा एक पदार्थ आणि थोडं अल्कोहोल यांत विरघळवलेलं असतं. पोटात गेल्यावर त्याचे इतके बारीक थेंब होतात की मिश्रण नितळ दिसतं आणि औषध रक्तात उतरतं. एवढी सोय असताना तुम्हाला नुसतं घड्याळ पाळता येऊ नये? तुझ्या अंगणवाडीतली चाळीस पोरं वेळेवर जेवतात आणि घरचा एक माणूस सांभाळता येत नाही? खरं असेल ते लिही.

लोभ आहे, रागही आहे.
रखमाताई

आगरदांडा, ९ जून

ती. ताईंना मैत्रीचा सविनय जय भीम, वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग भात लावला. ताई, एकही डोस चुकलेला नाही. सकाळी आठ, रात्री आठ, मी समोर उभी असते. हे म्हणतात, ताईने किडनी दिली आणि बायकोला हेडबाई करून ठेवली. पण डॉक्टर ओरडले तेव्हा गप्प राहिले. परतताना एवढंच म्हणाले की ताईला कळवू नको, तिच्या देण्याची मी कदर केली नाही असं तिला वाटेल.

एक विचारू? पूर्वी पट्टी फोडली की दारूसारखा उग्र वास यायचा, हे नाक मुरडायचे. आता तो येत नाही. कॅप्सूलही आकसल्यासारख्या दिसतात. मार्चमध्ये तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतली तीस खणांची लाकडी पेटी आणलीत, स्वतः बसून महिन्याभराच्या पट्ट्या फोडून तारखेवार भरून दिलीत. तेव्हापासून मीही तशीच भरते. दोष देत नाही, विचारते. सतरा तारखेला डॉक्टर डोस वाढवणार आहेत.

माया पातळ करू नका.
मैत्री

तळा, ११ जून

चि. मैत्रीस जय भीम.

वास गेला म्हणजे अल्कोहोल उडालं. मग औषध विरघळलेलं राहत नाही, आतल्या आत खडे धरतं. पोटात त्याचे थेंब कुठून होणार? तीस वर्षं मी मुलांना बाटल्यांना बूच लावायला शिकवलं आणि भावाचं औषध उघड्या पेटीत ठेवलं. तुला नको ते बोलले, तेही न विचारता.

डोस वाढवून घेऊ नका. ताजी कॅप्सूल आणि वाढीव डोस एकत्र झाले तर हेच औषध किडनीला विष होईल. डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, जुनाच डोस, बंद पट्टीतून, घ्यायच्या वेळीच फोडून. आठवड्याने रक्त तपासतील. किडनीचं किती नुकसान झालं ते त्यानंतरच कळेल. मला झोप नाही.

अजितला म्हणावं, मी आले की ओरड माझ्यावर. तो ओरडणार नाही, तेच वाईट आहे.

मला पूर्वीसारखीच आपली समजा.
रखमाताई

एस.टी. कंडक्टर राहुल, माझा जुना विद्यार्थी, याच्याकडे सोपवले:
कॅप्सूलच्या बंद पट्ट्या, बारा.
डॉक्टरांना सहीनिशी पत्र, एक. मजकूर: ‘रुग्णाने व त्याच्या पत्नीने एकही डोस चुकवलेला नाही. चूक रखमा बुधाजी हिची आहे. कागदावरचा शेरा खोडावा.’