चित्राच्या जागी एक ओळ

३ फेब्रुवारी १९९४, गुरुवार

मोझॅक, ते इंटरनेटवरची पानं दाखवणारं नवं सॉफ्टवेअर, चालू झालं! सोमवारपासून डोकं खात होतं — कधी ही फाइल सापडेना, कधी ती. आज दुपारी खिडकी उघडली आणि शब्दांच्या मधोमध चक्क एक फोटो. कुठल्या तरी लांबच्या विद्यापीठातल्या तळ्याचा. निळ्या शब्दावर माउस नेऊन दाबलं की दुसरं पान. तिथून तिसरं. संगणक केंद्रातले आम्ही सगळे एकाच खुर्चीमागे दाटीवाटीने उभे. साहेब म्हणाले, "लोकांचं तळं काय बघताय, आपलं काहीतरी टाका."

घरी येऊन हिला सांगितलं. दवाखान्यातली पाळी संपवून नुकतीच आली होती, पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे फोटो बघितलास."

हो. फोटो बघितला. आता काय सांगणार!

७ फेब्रुवारी

आपलं पहिलं पान टाकलं. वर विद्यापीठाचं नाव, खाली मुख्य इमारतीचा फोटो. दोन चुका निघाल्या. त्यातली एक नावातच.

१० फेब्रुवारी, गुरुवार

कुलगुरू स्वतः केंद्रात आले. पान पाहून खूश. फोटोत आपल्या खोलीची खिडकी शोधली. जाता जाता म्हणाले, "मग ते जुनं आता कशाला?"

जुनं म्हणजे गोफर — नुसत्या मेन्यूंचा सर्व्हर. आकडा दाबला की यादी, यादीतून आणखी यादी. चित्र नाही, रंग नाही. ग्रंथालयाची सगळी माहिती त्यावर आहे आणि ती ग्रंथपालबाईंनी एकटीने चढवलेली. पण मशीन एकच, डिस्क भरत आलेली. साहेबांनी उभ्या उभ्या ठरवून टाकलं — मार्चअखेर गोफर बंद. बाईंना सांगायचं काम माझ्या गळ्यात.

११ फेब्रुवारी

नाही सांगितलं. बाई रजेवर. बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

१४ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. बाईंचा आवाज कधी चढत नाही, तेच अवघड जातं. मी आपला हौसेने मोझॅक दाखवत होतो — हा शब्द दाबा, तो दाबा. त्या शांतपणे म्हणाल्या, "प्रत्येक शब्दाला दार केलंत तर भिंत कुठे राहणार? आपण कुठून आलो हे माणसाला कळायला नको?"

मी म्हटलं, मागे जायला बटण आहे.

"मागे जायला बटण लागतं, यातच सगळं आलं."

यांच्याशी वादात जिंकणं कठीण. मी हरलो, तरी बंद गोफरच होणार. कसंसंच वाटलं.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंचे मेन्यू उतरवून घ्यायला ग्रंथालयात गेलो होतो. त्या कामात होत्या. जुनं टर्मिनल, काळ्यावर पांढरी अक्षरं, आणि ती इतकी मोठी केलेली की पडद्यावर जेमतेम चार ओळी मावत होत्या. नाक काचेला टेकेल इतक्या जवळून एकेक शब्द वाचत होत्या.

मी आलोय हे कळलं तरी दचकल्या नाहीत. "बसा," म्हणाल्या. "डोळ्यांचं आहे. आधी कडा जातात, मग मधलं. डॉक्टर म्हणतात थांबवता येत नाही."

कुणाला माहीत आहे, मी विचारलं.

"बहिणीला. आणि आता तुम्हाला." मग म्हणाल्या, "तुमचं पान बघायला गेले होते हो मी. करड्यावर निळं. मला नुसतं धुकं. म्हणून नको म्हणत होते. ते भिंतीबिंतीचं आपलं उगाच."

मेन्यू न उतरवताच परत आलो.

हिला विचारलं, असं काही खरंच थांबत नाही का? म्हणाली, "नाही. औषध नाही त्याला." मग ताट माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "तू काय करणार आहेस?"

२१ फेब्रुवारी, सोमवार

मिळालं! मोझॅकसारखाच एक ब्राउझर आहे, पण निव्वळ शब्दांचा. खिडकी नाही, माउस नाही, बाणाच्या कळांनी फिरायचं. बाईंच्या टर्मिनलवर चालतो, काळ्यावर पांढरा, अक्षरं हवी तेवढी मोठी. म्हणजे गोफर गेला तरी नवी पानं त्यांना वाचता येणार. जवळजवळ धावतच ग्रंथालयात गेलो.

बाईंनी पान उघडलं. विद्यापीठाचं नाव आलं. त्याखाली चौकटी कंसात एकच शब्द — चित्र.

"कसलं?"

"मुख्य इमारतीचं."

"मग तसं लिहा की."

लिहिता येतं! पान बनवतानाच तशी सोय आहे — चित्र दिसत नसेल तर त्या जागी एक ओळ दिसते. मी त्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

मी लिहिलं, "मुख्य इमारतीचे छायाचित्र." बाई म्हणाल्या, "ही दारावरची पाटी झाली. आत काय आहे?"

तासभर झटापट करून ठरलं: "तीन मजली दगडी इमारत, मधल्या खिडक्या उघड्या, पायरीवर कुत्रा झोपलेला."

गंमत म्हणजे कुत्रा मला दिसलाच नव्हता. ओळ लिहायची म्हणून नीट बघितलं, तेव्हा दिसला.

९ मार्च, बुधवार

बाई रोज दुपारी केंद्रात येतात. त्यांचे मेन्यू एकेक करून पानांवर चढतायत. कुठला शब्द निळा करायचा यावर भांडण ठरलेलं. त्या म्हणतात, कमी. मी म्हणतो, जास्त. शेवटी त्यांचंच होतं, आणि पान खरंच सुटसुटीत दिसतं. हे त्यांना सांगितलेलं नाही.

ही म्हणते, हल्ली तू झोपेतसुद्धा वर्णन करतोस. थट्टा करते, पण काल फिरायला गेलो तेव्हा स्वतःच म्हणाली, "ते झाड कसं सांगशील?" घरी पोचेपर्यंत तेच चाललं होतं. फार दिवसांनी इतकं हसलो दोघं.

१० मार्च

काही नाही. इंटरनेटची लाइन दिवसभर बंद. डबा खाल्ला, टेबल आवरलं.

२४ मार्च, गुरुवार

कुलगुरूंसमोर प्रात्यक्षिक. आणि नेमकी आजच लाइन रखडली. इमारतीचा फोटो वरून खाली, इंचाइंचाने. कुलगुरू नुसतं आभाळ बघत बसले. साहेबांची नजर माझ्यावर — अशी की खाऊ का गिळू.

मी फोटो बंद केले. चित्राच्या जागी ओळ आली. कुलगुरूंनी ती मोठ्याने वाचली आणि थांबले. "कुत्रा आहे?" खिडकीशी जाऊन समोरच्या मुख्य इमारतीच्या पायरीकडे बघितलं. "आहे की."

मग बाईंनी स्वतःच डोळ्यांचं सांगितलं, सगळ्यांसमोर, बसचा नंबर सांगावा तसं. कुलगुरूंनी खुर्ची ओढली, बाईंच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पुढचं पान दाखवा."

ठरलं ते असं: प्रत्येक पानावरच्या प्रत्येक चित्राला ओळ हवी, आणि ती बाईंनी पास करायची. गोफर मात्र जाणारच.

३१ मार्च

गोफर बंद केला. शेवटची कळ बाईंनी दाबली.

"झालं?"

"झालं."

"चला, चहा पाजा."

६ एप्रिल, बुधवार

एका अनोळखी विद्यार्थ्याचा ई-मेल आला. फार लांबून. जन्मापासून दिसत नाही, त्याचं मशीन त्याला पानं वाचून दाखवतं. लिहितो की आजवर किती विद्यापीठांची पानं ऐकली, पण आत शिरल्यासारखं पहिल्यांदा वाटलं. बाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "उत्तर आजच पाठवा. आणि विचारा, कुठे काही कमी पडलं का."

घरी हिला सांगितलं. या वेळी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिली.

१२ एप्रिल

बाई आज बहिणीचा हात धरून आल्या. चष्मा नव्हता. "उगाच नाकावर ओझं," म्हणाल्या. "उरलंसुरलं होतं तेही गेलं. आता तुम्ही वाचा, मी ऐकते."

मी वाचायला लागलो. दुसऱ्याच ओळीला त्यांनी थांबवलं.

"इतकं भरभर नको. मला बघू द्या."