लिफ्ट तिसऱ्या मजल्यापर्यंतच उतरेल

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पोरांच्या परीक्षा सुरळीत पार पडल्या असतील, भावजयीची कंबरही आता बरी असेल. आमचं विचारशील, तर माझं डोकं फिरलंय आणि तुझ्या भावजींचा गुडघा अजून दुमडत नाही.

प्लास्टर काढताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज व्यायामाला आणा, नाहीतर पाय असाच ताठ राहील. त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली. आम्ही पाचव्या मजल्यावर! जन्मभर लोकांचे जिने बांधणारा गवंडी, आता स्वतःच्या जिन्याकडे बघून सुस्कारे टाकतोय. (तो सुस्कारा स्वयंपाकघरात ऐकू येतो, आणि मग माझी भाजी करपते.)

शेवटी सभा भरली. तळमजल्यावरचे कॉम्रेड तुला आठवतच असतील. युनियन चालवून निवृत्त झाले, पण अजून चहा मागतानाही मूठ आवळतात. आणि पाचव्यावरच आमच्या समोरच्या दारातले शेअरदलाल. वर्षानुवर्षं दोघांची जुंपलेली. कॉम्रेड म्हणणार, सगळं सगळ्यांचं. दलाल म्हणणार, फुकट कुणाला काही देऊ नका, माणूस आळशी होतो. म्हणून मी कॉम्रेडच्या भरवशावर निर्धास्त होते. ते उठले आणि म्हणाले, "जो वापरेल तो भरेल. तळमजल्यानं लिफ्टचा खर्च का सोसायचा?" मी कान चोळतेय तोवर दलाल उभे राहिले, चक्क गहिवरून. म्हणे इमारत हे एक कुटुंब आहे, दुबळ्याचा भार सगळ्यांनी मिळून वाहायचा असतो! (ह्या माणसानं पेपरवाल्याला कधी सुट्टे पैसे सोडलेले नाहीत.) दोघांच्या भाषणांची अदलाबदल झाली की काय, असं वाटलं मला.

मी खूप बोलले, घसा बसेपर्यंत. मग दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक, म्हणजे आमचे अध्यक्ष, मध्यममार्ग घेऊन उठले. दुरुस्तीचे पैसे फक्त वरच्यांनी द्यावेत, पण मग लिफ्टही फक्त वरच्यांसाठीच चालावी: पाचव्यावरून निघेल आणि तिसऱ्यापर्यंतच उतरेल. टाळ्या पडल्या! ठराव एकमतानं मंजूर, कारण मी तोवर रागानं बाहेर पडले होते. मिस्त्रीनं तशी लिफ्ट करूनही दिली, फक्त जाताना आमच्याकडे वळूनवळून बघत होता.

काल भावजी काठी टेकत लिफ्टमध्ये बसले, तिसऱ्या मजल्यावर उतरले, तिथल्या बाकावर थोडा वेळ टेकले आणि परत वर आले. "तेवढीच हवापालट," म्हणाले आणि हसले. मला रडू आवरेना. एका माणसाचा पाय जायची वेळ आली आणि ह्यांना तत्त्वं सुचतायत! तत्त्वं कसली डोंबलाची? ह्यांचे विचार डोक्यात नसतातच, मजल्यावर असतात. मजला बदलला की विचार बदलला. इतकी दुतोंडी माणसं मी जन्मात पाहिली नाहीत.

भावजयीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. : तळमजल्यावरचा तुझा फ्लॅट बंदच आहे, त्याची किल्ली ताबडतोब पाठव. भावजींचा पाय बरा होईपर्यंत आम्ही तिथे राहू. त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवायचं ठरलंय. (पुढून कॉम्रेड धरणार आहेत. आपणहून आले बिचारे.)

आणखी ता. क. : लिफ्टच्या खर्चाचा वाटा मीही देईन, असं तू सोसायटीला कळवलं होतंस. तेव्हा मी तुझं फार कौतुक केलं होतं. ते पत्र आधी मागे घे. तळमजल्यावर राहणाऱ्यांचा लिफ्टशी संबंधच काय?