जामच्या नाक्यावरची जबानी

समुद्रपूर, १४ मे १९५७

प्रिय कृष्णकांत,

नोकरीला लागल्यापासून तुला मालक म्हणत आलो. आज शाळेत हाक मारायचो तसं नावानं लिहितोय. काल तुझे वकील प्रभाकरराव आले होते. शुक्रवारी जामच्या नाक्यावर मोटार मी चालवत होतो, असं लिहिलेल्या कागदावर त्यांना माझी सही हवी होती. मी केली नाही.

चार वर्षांपूर्वी केली होती. नालवाडीपाशी तू पिऊन चिंधूच्या बैलगाडीवर मोटार घातलीस आणि तो जागीच गेला. तू माझे हात धरलेस. "कवडू, तू अंगावर घे. तुह्या मायले मी पाहतो," म्हणालास. मी वर्षभर तुरुंगात राहिलो. सहाव्या महिन्यात आई तापानं गेली. गल्लीतल्या लोकांनीच तिला उचललं. तू एकदाही तिच्याकडे फिरकला नव्हतास आणि मला कळवलंही नाहीस. सुटून आल्यावर विचारलं, तर पानाला चुना लावता लावता म्हणालास, "सांगून का होणार होतं?" मी पुन्हा तुझ्या मोटारीवर कामाला लागलो. लोकांना वाटलं, कवडू विसरला.

शुक्रवारी वरोऱ्याच्या लग्नातून निघालो तेव्हा तू तर्र होतास. जामला जमादारानं हात केला, तसा तू कुजबुजलास, "लवकर माह्या जागेवर ये." मी दार उघडून खाली उतरलो. तू जमादाराला आधी वडिलांचं नाव सांगितलंस, मग त्याची कॉलर धरलीस. मी मध्ये पडलो नाही. कोण चालवत होतं, असं त्यानं विचारलं. मालक, मी म्हणालो. दवाखान्यात डॉक्टरांनी तुला सरळ रेघेवर चालायला लावलं आणि तू भिंत धरलीस, तेव्हा मी दारातून पाहत होतो. आई गेल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

तू नशिबाला दोष देतोस, असं प्रभाकरराव म्हणाले. म्हणून हे पत्र. हिंगणघाटला चहाला थांबलो तेव्हा एका ट्रकवाल्यानं सांगितलं होतं, "जामले पोलीस तोंड हुंगून राह्यले." तू मोटारीत पेंगत होतास. मी तुला उठवलं, चालवता का विचारलं आणि किल्ली तुझ्या हातात दिली. वाटेत कुणी आडवं आलं असतं तर, हा विचार मला घरी आल्यावर आला. तो माझा मी सोसेन. सोमवारी कोर्टात हे पत्र दाखवायचं असेल, तर खुशाल दाखव. मोटार तू चालवत होतास, हे त्यात माझ्या सहीनिशी आहे.

एकेकाळी तुझाच,
कवडू