मेसचं थंड जेवण

७ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं बोलणं लगेच भांडणावर येतं आणि मग तू फोन बाबांच्या हातात देऊन मोकळी होतेस, म्हणून लिहून कळवते. मला मेसचं कार्ड नको. नव्या मुलींना पहिला महिना मेसमध्येच जेवावं लागतं, तो आता संपत आला. महिनाअखेरीस काय ते सांगायचं: वर्षभराचं कार्ड, नाही तर खोलीत शिजवायची परवानगी. एकदा ठरलं की वर्षभर बदल नाही. मी शिजवणार आहे.

मेसचं जेवण थंडगार असतं. सूपवर साय धरलेली, भात गोळा झालेला, भाजीकडे बघवत नाही. त्यापेक्षा खोलीत रूममेटची शेगडी आहे ती बरी. रूममेट संध्याकाळी एका चपलांच्या दुकानात कामाला जाते, म्हणजे मला कोणाचा अडथळा नाही. काल सराव म्हणून अंडं उकडायला ठेवलं आणि नकाशा काढत बसले. पाणी आटलं, अंडं फुटलं, थोडं छताला लागलं. रूममेटने कामावरून आल्यावर स्टूल आणून दिलं. पण हे काय, शिकेनच की.

बाबांना नमस्कार. रागावू नये, निदान पत्र पूर्ण वाचून मग रागावावं.

तुझी,
मिठू


१२ सप्टेंबर

चि. मिठूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पूर्ण वाचलं आणि मग रागावले. उकडायचं अंडं करपवणारी आपल्या घराण्यात तू पहिलीच. तुला तिकडे पूल बांधायला शिकायला पाठवलंय, छताची अंडी खरवडायला नाही. दिवसभर कॉलेज, मग बाजार, मग भांडी, आणि अभ्यास कधी? माझं ऐक आणि मुकाट्याने कार्ड घे.

आणि थंड म्हणजे काय? आमच्या इस्पितळात जेवणाची गाडी फिरते ती मी रोज बघते. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरातून अन्न गरमच निघतं. तुमच्या मेसचा मॅनेजर झोपा काढतो का?

इकडे नेहमीचंच. परवा मी ड्यूटीवरून आले, पानं घेतली आणि बाबांचा पत्ता नाही. कुठल्याशा कचेरीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत साहेब, आणि हे ती दुरुस्त करायला गेलेले. तो साहेब बाहेर निघेपर्यंत मी ताटासमोर बसून. समोरचं माणूस बसल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही हे आपल्या घरात ठरलेलं, त्यामुळे भाजीचा लगदा झाला आणि माझ्या डोक्याचा भुगा. तो साहेब जिना का वापरत नाही कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात बाबा तुझ्या गावाला लिफ्टचे सुटे भाग आणायला येणार आहेत. मॅनेजरला भेटून जाब विचारायला सांगितलं आहे.

माया आहेच, फक्त सध्या ती रागाखाली दबली आहे.

तुझी,
आई


१६ सप्टेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना मेसमध्ये पाठवू नकोस! हात जोडते. मी काय बालवाडीत आहे? मॅनेजर बिचारा भला माणूस आहे, त्याचा काही दोष नाही. विषय संपला असं समज.

मला मेसच आवडत नाही, बस. लांबलचक टेबलं, सगळ्यांचे आधीपासूनचे घोळके, हसण्याखिदळण्याने कान किटतात. खोलीत कसं निवांत असतं. काल सूप जमलं. खिडकीशी उभ्याउभ्याच प्यायले. समोर भिंत आहे, आणि भिंत बसायची वाट काही बघावी लागत नाही. तू उगाच पराचा कावळा करतेस.

तुमच्या दोघांचा लोभ हवा, चौकशी नको.

तुझी,
मिठू


२२ सप्टेंबर

चि. मिठूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं तेव्हा बाबा निघून गेले होते. काल परत आले ते गप्प. लिफ्ट पडली तरी हा माणूस एवढा गप्प होत नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले.

मॅनेजरने त्यांना आधी जेवायला बसवलं. पहिल्याच चमच्याला जीभ पोळली, अजून फुंकर मारत चहा पितात. तेवढ्यात तू आलीस. तू ताट घेतलंस, एका रिकाम्या टेबलाशी बसलीस आणि दाराकडे बघत राहिलीस. जेवायला सुरुवात केली नाहीस. मुली येत होत्या, आपापल्या घोळक्यात जात होत्या. शेवटी आवराआवरीची घंटा झाली, तशी तू ताट जसंच्या तसं ठेवून निघून गेलीस.

आणि तुझे बाबा काय करत होते? खांबामागे उभे! मी इतकी संतापले की हातातलं पातेलं आपटलं. अहो, जाऊन बसायचं ना पोरीसमोर! तर म्हणतात, पाय उचलला गेला नाही. आणि मी बसलो असतो, तर उद्यापासून तिने माझीच वाट पाहिली असती.

मग मात्र मी आपटलेलं पातेलं उचलून जागेवर ठेवलं.

मिठू, आमच्या दोघांच्या ड्यूट्या अशा, की तो नियम नसता तर या घरात कोणी कोणाचं तोंड पाहिलं नसतं. तो इथल्यासाठी आहे. तिथे उपाशी राहण्यासाठी नाही. मेस घे, शेगडी घे, मी आता भांडणार नाही. पण भिंतीकडे तोंड करून जेवायला मिळावं म्हणून शिजवणार असशील, तर मला ते सोसणार नाही. ताट आलं की जेवायला लाग. ही माझी परवानगी नाही, हुकूम आहे.

खूप खूप मायेने,
आई

मिठू, मी समोर यायला हवं होतं. जीभ बरी आहे. बाबा.


२८ सप्टेंबर

ती. आईस आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

खांबामागे! तो खांब बाबांच्या निम्म्याने आहे, ते मावले तरी कसे? आणि मी इतकी आंधळी की मला दिसले नाहीत. तुमच्या दोघांचा एवढा राग आला की रूममेटवर विनाकारण खेकसले. तिने पुन्हा स्टूल आणून दिलं.

खरं आहे. मला रोज वाटायचं, आज कोणीतरी येऊन बसेल. जेवण थंड असतं हे काही खोटं लिहिलं नव्हतं. मी हात लावेपर्यंत ते थंड व्हायचं.

काल तुझा हुकूम घेऊन गेले. बसले, दाराकडे पाठ केली आणि घास घेतला. इतका गरम, की डोळ्यांत पाणी आलं. मग ते पाणी काही थांबेना. नेमकी तेव्हाच एक जाड चष्म्याची मुलगी आली आणि इथे कोणी बसलंय का म्हणून विचारलं. माझं तोंड भरलेलं, नुसती मान हलवली. ती बसली आणि, आई, माझ्याकडे न बघता सरळ जेवायलाच लागली. काही रीतभात आहे की नाही! मी रडायचं विसरले आणि तणतणत आणखी भात घ्यायला उठले. रांग मोठी होती. आज कार्डावर सही करून आले, हेही कळवते.

तर काल भात घेऊन परत येऊन बघते, तिचं ताट चाटूनपुसून रिकामं, आवराआवर सुरू झालेली, आणि ती हनुवटीवर हात टेकून तशीच बसलेली. माझं होईपर्यंत उठली नाही.

तुमची,
अजून थोडी रागावलेली
मिठू