ऐकले, हाक नाही

७ ऑगस्ट १९७२, सोमवार
येडशीला उतरलो आणि जीव सुखावला. लष्करात बारा वर्षं वायरलेस ऐकून कान किटले. त्यापुढं ही नोकरी म्हणजे चैनच की! कृत्रिम पाऊस पाडायला एक छोटं विमान आलंय. ते ढगात मीठ फवारणार आणि मी माळावरच्या पत्र्याच्या खोलीत सेटपाशी बसून त्याचं बोलणं ऐकणार. कुणी बोलो न बोलो, दर पंधरा मिनिटांनी वहीत लिहायचं: ऐकले, हाक नाही. विमानात पायलटसोबत नळदुर्गचा विरुपाक्ष असतो. मीठही तोच फवारतो, वायरलेसवर बोलतोही तोच. लई दिलदार गडी. आईनं दिलेली शेंगाचटणी अर्धी माझ्या ताटात ओतली.

९ ऑगस्ट
ढग नुसते येतात आणि जातात. तीच ती ओळ लिहून बोटं दुखली. उद्यापासून सकाळीच दिवसभराच्या ओळी भरून मोकळा होणार. इथं कोण मरायला येतंय तपासायला!

११ ऑगस्ट
काल दुपारी विमान पडलं. रामलिंगच्या रानात. दोघंही गेले.
चार वाजता मी स्टेशनवर चहाला गेलो होतो. वही मात्र संध्याकाळपर्यंत भरलेली. हाक आली की नाही, देव जाणे. चौकशीचे साहेब वही बघून म्हणाले, विमानातून हाकच आली नाही, म्हणजे तो विरुपाक्षच गाफील होता. मी मान हलवली. दुसरं काय करणार? नोकरी जाईल, वर तुरुंग.

१४ ऑगस्ट
विरुपाक्षच्या आई, नागम्मा, सकाळपासून माझ्या दारात बसल्यात. रडत नाहीत. एवढंच विचारतात, की अप्पा, माझ्या लेकरानं हाक दिली व्हती का न्हाय? लोक त्याला गाफील म्हणतात ते त्यांना सोसत नाही. मी सांगितलं, नाही दिली. त्या म्हणाल्या, बरं, बसते मी. बसा म्हणावं. किती दिवस बसतील!

१६ ऑगस्ट
दुपारी चार बारा. सेट बोलला. विरुपाक्षचा आवाज. इंजिनातून धूर येतोय, कुणी आहे का, उत्तर द्या. अकरा वेळा.
विमानच नाही म्हणून बॅटरी मी परवाच काढून ठेवलीय.

१७ ऑगस्ट
दहा तारखेचं पान बदललंय. अक्षर माझंच: ऐकले नाही, चहा पीत होतो. पान फाडून जाळलं. पुढच्या पानावर तेच.

१८ ऑगस्ट
पुन्हा चार बारा. नागम्मा ताडकन उठल्या. पोराचा आवाज आई ओळखणारच की. मी ओरडलो, रेडिओ आहे, रेडिओ! त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या नजरेची लई भीती वाटते. खरं सांगून टाकावं — पण तुरुंग —

१९ ऑगस्ट
सांगायला तोंड उघडलं तर — आवाज त्याचा. माझ्या घशातून. धूर येतोय, उत्तर द्या — अकराही वेळा. नागम्मांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे दार ओढलं. बाहेरून कडी —

सेटमधून धूर. पत्रा भाजतोय. आता आवाज माझाच आहे — माझाच — हाका मारतोय —

वाटेवर कुणीतरी थांबलंय. विचारतंय, आत माणूस ओरडतोय का. नागम्मा सांगतायत, न्हाय बाबा, मी सकाळधरनं इथंच बसून ऐकतीय, आतनं कुणाचीबी हाक न्हा