सुईखालची चुंबळ

पूर्णा, ५ जानेवारी २०२६

चि. साक्षीस बाबांचा सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर बोलायला लागलं की गाडी येते अन् निम्मं बोलणं खाऊन जाते, म्हणून लिहायलोय. तू पुण्याहून पाठवलेलं रेकॉर्ड प्लेअर सुखरूप पोचलं. तुझ्या आईनं १९७९ साली गायन पार्टीसंगं म्हटलेल्या भीमगीताची रेकॉर्ड लावली. पण रूळ घरामागं पन्नास पावलांवर! गाडी आली की घर थरथरतं अन् सुई उडते. आईनं एकटीनं म्हटलेली एकच ओळ हाय, ती काही सुखानं ऐकू येत न्हाई.

मी टेबल चार बोल्टांनी भिंतीला आवळलं. तीस वर्षं रेल्वेत गँगमन होतो, रुळाचे बोल्ट आवळले, ढिलं कसं सोडू? तर सुई आणखीच उडायली. शेजारच्या धुरपताबाई म्हणल्या, कव्हरावर नाव न्हाई, फोटो न्हाई, सगुणा गायली कशावरून? आई हसली, पण रात्री जेवली न्हाई. मी २६ तारखेला झेंडावंदनानंतर सगळ्या गल्लीला ऐकायला बोलावलंय. इज्जतीचा सवाल हाय. उपाय कळव, जिवाला जप.

तुझे बाबा

पुणे, ११ जानेवारी

ती. बाबांना सविनय जयभीम, वि. वि.

बाबा, आधी ते बोल्ट काढा! भिंत हलते, तिच्यासंगं टेबल, टेबलासंगं सुई. मशीनखाली जड शहाबादी फरशी ठेवा आणि फरशीखाली दबून परत उठणारं काहीतरी. रबरी चेंडू अर्धे कापून बघा. रुळाखाली खडी धक्का गिळायला असते, हे मला तुम्हीच शिकवलं. विसरलात होय?

ती ओळ मी आईच्या तोंडून भाकरी थापताना रोज ऐकलीय, मला पुरावा नको. पण धुरपतामावशींना पुढं बसवा. आहे ती माया वाढू द्या.

तुमची साक्षी

पूर्णा, २७ जानेवारी

चि. साक्षीला आईचा जयभीम.

ह्या खेपेला मी लिहायलेय. बाबांनी चेंडू कापले, पण फरशी लय डोलायली. दोन दिवस तोंड पाडून बसले. मी म्हणलं, आवं, जन्मभर डोक्यावर दोन-दोन घागरी आणल्या, थेंब सांडला न्हाई, ते कशाच्या जिवावर? जुन्या लुगड्याच्या चार चुंबळी वळल्या अन् एकेकीच्या मधी अर्धा चेंडू बसवला. डोलणं बंद! रेल्वेवाला बघतच राहिला.

काल गल्ली जमली. नेमकी माझ्या ओळीला मालगाडी आली. मांडणीवरची भांडी वाजली, खिडकी वाजली, माझं तर काळीजच हाललं. सुई हालली न्हाई! माझा अठराव्या वर्षाचा आवाज अख्खा ऐकू आला, बाई. इतका चांगला होता, मलाच ठाव नव्हतं. धुरपताच म्हणली, पुन्हा लावा. तीनदा लावली.

बाबा रडले अन् म्हणले, डोळ्यात कचरा गेला. मग रुळाकडंच्या दगडांवर आकडे काढायचा जुना ब्रश शोधला अन् कव्हरभर लिहिलं, 'सगुणाबाई'. मी म्हणलं, जरा बारीक लिहायचं. तर म्हणले, चालत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे.

लोभ हाय तसाच ठेव, अन् सुट्टी काढून ये.

तुझी आई