माझ्या वाट्याचं गाव

३ मार्च
लेकीची इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून बदली झाली आणि शेपटासारखी मीही आले. चौथी शिकलेय, पण लिहायची हौस दांडगी. गाव मस्त आहे. घरं साठ, माणसं सहा. म्हटलं, बरं झालं, गर्दी नाही. सगळे माझ्याच वयाचे, म्हणजे गप्पांना तोटा नाही.

१० मार्च
बंद पडलेल्या गिरणीसमोरच्या बाकावर दुपारी सगळे जमतात. यांचा इतिहास कुठे लिहिलेला नाही, वाटून घेतलाय. आग मास्तरांकडे, पूल दुकानवालीकडे. माणूस थकला की आपला वाटा दुसऱ्याला सांगतो, त्याने पाठ म्हणून दाखवायचा. गिरणीवाल्यांनी पूर मला दिला, तीनदा म्हणवून घेतला. मग मी आमच्या ह्यांचं काढलं. हे शिंपी. लग्नातलं पोलकं ह्यांनीच शिवलं, इतकं घट्ट की हसायचीही चोरी. तर सगळे उठून चालायलाच लागले. आमच्या गल्लीत लोक खुर्च्या आणून ऐकायचे मला.

२६ मार्च
गिरणीवाले गेले. मास्तर लगेच आग घेऊन हजर. म्हटलं, आधी माझं ऐका. तर म्हणतात, तुमच्यात अजून जागा आहे. मी काय कोठीची खोली आहे? संताप आला. घरी लेकीला पोलक्याची गोष्ट सांगायला बसले आणि मध्येच अडले. घट्ट होतं की सैल?

१४ एप्रिल
मास्तरही गेले, त्यांच्याआधी आणखी दोघं. माझ्याकडे आता चार वाटे. आगीचा धूर नाकातून जात नाही. लेक म्हणते, तू तेव्हा इथे नव्हतीसच. मग हे पुरात वाहून गेले ते कोणी पाहिलं? मीच ना. हात सुटला तेव्हा – ती रडायला लागली. म्हणाली, बाबा तुझ्या मांडीवर गेले, आई, घरी. खोटं कशाला बोलते, कळत नाही.

२ मे
पाचवाही आपला वाटा देऊन गेला, मग दुकानवालीनेही पूल दिला आणि गेली. बाकावर एकटीच. सहाही माझ्यात बोलतात. माझं ऐकायला कोणी –
लेकीने बदलीचा अर्ज केलाय. उद्या निघायचं म्हणे. एवढं सगळं घेऊन कशी निघू?

३ मे
कोणी पांढऱ्या कपड्यातली बाई सामान बांधतेय. मला आई म्हणते. माझी मुलं तर पुरात – बाई चांगली आहे. समोर बसली, डोळे पुसले, म्हणाली, सांग, ऐकते मी.
तरुण आहे. जागा खूप असेल.
म्हटलं, हात दे. माझ्यामागून म्हण. त्या वर्षी पाणी –